उपवासाच्या ताटातलं ‘जीएम’

महाशिवरात्रीला औंढ्याला नागनाथाचं दर्शन घेऊन घरी आलात, की उकडलेलं रताळं समोर येतंच. ते सोलताना एवढं ऐका : तुम्ही ‘जीएम’ खाताय!

दचकू नका, हे कुठल्या कंपनीनं केलेलं नाही. २०१५ मध्ये बेल्जियमचं गेंट विद्यापीठ आणि पेरूतलं आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्र यांच्या शास्त्रज्ञांनी २९१ लागवडीची रताळी तपासली. सगळ्यांत अॅग्रोबॅक्टेरियम या मातीतल्या जिवाणूची जनुकं निघाली! हजारो वर्षांपूर्वी ती आपोआप आत शिरली आणि माणसानं नेमकी तीच रताळी जपली. आज प्रयोगशाळेत पिकात जनुक घालायला बऱ्याचदा हाच जिवाणू वापरतात.

तिथलं एक गाजलेलं उदाहरणही उपवासाचंच आहे. दिल्लीतल्या आशिष दत्ता यांच्या गटानं राजगिऱ्याचं जनुक बटाट्यात घातलं. २०१० मध्ये त्यांनी जाहीर केलं, की प्रथिनं ६० टक्क्यांपर्यंत वाढली. भारी वाटतं ना? आता हिशोब करा. साध्या बटाट्यात १०० ग्रॅममागे दोनेक ग्रॅम प्रथिनं असतात. ती वाढून झाली तीन-सव्वातीन. कोरड्या तूरडाळीत वीसच्या वर असतात, आणि तूर तर आपल्याच शेतात उभी असते. तो बटाटा बाजारात आलाच नाही.

रताळ्याचा हिशोब मात्र वेगळा लागतो. तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंद पिके संशोधन संस्थेचं ‘भू सोना’ हे केशरी गराचं वाण जनुक न घालता, नेहमीच्या पद्धतीनं निवडून काढलंय. त्यात १०० ग्रॅममागे सुमारे १४ मिलिग्रॅम बीटा कॅरोटिन असतं. शरीर त्यापासून अ जीवनसत्त्व बनवतं. ते कमी पडलं की लहान मुलांना रातांधळेपणा येतो. आपल्या पांढऱ्या गराच्या रताळ्यात हे कॅरोटिन नावापुरतंच.

आणि बियाण्याचं काय? घरी कापूस असेल तर जूनमधला बीटीच्या पाकिटांचा खर्च तुम्हाला सांगायला नको. रताळं वेलाच्या तुकड्यांवर लागतं. एकदा वेल गावात आला, की शेजाऱ्याकडून मागून आणायचा. माझ्या मते ‘जीएम आहे का’ यापेक्षा हा प्रश्न आधी विचारायला हवा.

हिंगोलीच्या बाजारात मी केशरी गराचं रताळं मागितलं. भाजीवाल्या मावशी हसल्या आणि त्यांनी माझ्या हातात गाजर ठेवलं.