हरलेल्या डावाची वही

संध्याकाळच्या वंदनेनंतर आमच्या वसतिगृहाच्या व्हरांड्यात बुद्धिबळाचे पट मांडले जातात. भेटीस आलेले पालक आणि माजी विद्यार्थीही त्यात बसतात, आणि एक प्रश्न हमखास येतो: "सर, वर्षानुवर्षे खेळतो, पण खेळ जागच्या जागीच आहे. असे का?" त्यामागे बहुधा दुसरा, न बोललेला प्रश्न असतो. हा खेळ जन्मजात बुद्धीचा असून ती आपल्या वाट्याला आलेलीच नाही, असे तर नव्हे? खेळाच्या नावातच बुद्धी असल्याने ही शंका बळावते. पहिल्या प्रश्नाचा नीट विचार केला की दुसऱ्याचेही उत्तर मिळते, म्हणून हा लेखप्रपंच.

काही उपासक आम्हांला दीघनिकायातील ब्रह्मजालसुत्ताची आठवण करून देतात. तेथे श्रमणांच्या संदर्भात टाळावयाच्या खेळांची यादी आहे आणि तिच्या आरंभीच अट्ठपद व दसपद, म्हणजे आठ व दहा घरांच्या ओळींचे पट, येतात. आठवण योग्यच आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला तर तिचे विशेष मोल, कारण आठ गुणिले आठ घरांचा हाच पट पुढे चतुरंगाला मिळाला. परंतु ते विवेचन लोकांनी श्रद्धेने दिलेल्या अन्नावर जगून खेळात वेळ दवडणाऱ्यांविषयी आहे. आक्षेप प्रमादावर आहे. आणि प्रमाद हेच हौशी खेळाडू अडून राहण्याचे कारण आहे, असे आमचे निरीक्षण आहे.

हा प्रमाद कसा दिसतो? रात्री मोबाईलवर तीन-तीन मिनिटांचे वीस डाव होतात, त्यांतला एकही पुन्हा पाहिला जात नाही. चित्रफिती पाहून डावाच्या सुरुवातीचे सापळे पाठ केले जातात. वास्तविक आपल्या पातळीवरचा डाव सुरुवातीच्या अज्ञानाने क्वचितच जातो. घोडा फुकट जातो, हत्ती कोंडला जातो, आणि समोरच्याने ही खेळी का केली हे न विचारताच आपला हात मोहऱ्यावर पडतो. त्याचा शह कोठून येईल, तो काय मारू शकतो, त्याची पुढची धमकी कोणती, एवढे तीन प्रश्न प्रत्येक खेळीपूर्वी मनाशी विचारणे, हाच या खेळातला अप्रमाद. सांगायला सोपे, चाळीस खेळ्या टिकवणे महाकठीण.

आमचेच उदाहरण देतो. काही वर्षांपूर्वी शहरातील रविवारच्या एका खुल्या स्पर्धेत आमच्यासमोर सातवीतली एक मुलगी बसली होती. तीन तासांच्या झुंजीनंतर पटावर तीनच मोहरी उरली: आमचा पांढरा राजा डी३ वर, प्यादे ई२ वर, तिचा काळा राजा ई६ वर. खेळी आमची. वजीर करण्याच्या घाईत आम्ही प्यादे दोन घरे ढकलून ई४ वर नेले. तिने शांतपणे राजा ई५ वर, प्याद्याच्या तोंडाशी, आणून ठेवला. पुढे कितीही धडपड केली तरी तो राजा वाटेतून हटेना. अखेर तो कोंडला, शह मात्र नव्हता, आणि डाव बरोबरीत सुटला. मग तिनेच पट पुन्हा मांडून दाखवले: "सर, आधी राजा ई४ वर न्यायचा." राजे समोरासमोर उभे राहतात, खेळण्याची पाळी काळ्याची येते, त्याला एका बाजूला सरकावे लागते आणि पांढरा राजा दुसऱ्या बाजूने पुढे घुसतो. प्यादे मागून निवांत येते. (पटावर तरी राजाला प्याद्यासाठी वाट मोकळी करावी लागते!) विश्वविजेते कापाब्लांका डावाचा शेवट आधी शिकावा असे सांगत, ते आम्ही वाचले होते, पटले त्या दिवशी.

त्या रात्री आम्ही तो डाव वहीत उतरवला. स्पर्धेच्या दीर्घ डावात प्रत्येक खेळी लिहिणे नियमानेच बंधनकारक असते. बहुतेक जण तो कागद घडी घालून विसरतात. आमची रीत अशी: हरलेला डाव दुसऱ्या दिवशी एकट्याने मांडायचा, जेथे चुकलो तेथे त्या क्षणी मनात काय होते ते शब्दांत लिहायचे, आणि त्यानंतरच लिचेससारख्या विनामूल्य संकेतस्थळावर संगणकाचे मत घ्यायचे. आधीच संगणकाला विचारले की उत्तर मिळते, स्वतःची सवय कळत नाही. आमच्या वहीत "घाई केली" हे दोन शब्द लाज वाटावी इतक्या वेळा आले आहेत.

रेटिंगविषयीही गैरसमज आहेत. प्रा. आर्पाड एलो यांची ही पद्धत फिडेने १९७० मध्ये स्वीकारली. दोघांत २०० गुणांचे अंतर असेल, तर १०० डावांत वरच्याकडून सुमारे ७६ गुणांची अपेक्षा धरली जाते. खालच्याची हार त्या गणितात गृहीतच आहे. तिचा शोक कशाला? १ मार्च २०२४ पासून फिडेने किमान रेटिंग १४०० केले आणि २००० च्या खालील खेळाडूंना एकदाच वाढ दिली, म्हणून तेव्हाची उडी प्रगती समजू नये. मात्र या गणितात आडनावाला रकाना नाही. ज्या शहरात काळाराम मंदिराच्या दारापाशी २ मार्च १९३० रोजी आपल्या आजोबांच्या पिढीला सत्याग्रहास उभे राहावे लागले, तेथे ही गोष्ट लहान नव्हे. पण भाबडेपणाही नको. प्रशिक्षकाची फी, प्रवेशशुल्क, परगावचा प्रवास यांचे ओझे सर्वांना सारखे पेलत नाही, आणि पटावरची समता पटाबाहेर आपोआप येत नाही.

याच नाशिकचा विदित गुजराथी २०२३ मध्ये आइल ऑफ मॅन येथील ग्रँड स्विस स्पर्धेत पहिलाच डाव हरला. पुढे ११ डावांत साडेआठ गुण मिळवून तो ती स्पर्धा जिंकला आणि टोरांटोच्या २०२४ च्या कँडिडेट्स स्पर्धेत पोहोचला. तेथे त्याने हिकारू नाकामुरा यांना दोनदा हरवले, तरी आठ जणांत तो सहावा आला. चौदा वर्षांखालील गटात जागतिक विजेता ठरलेल्या त्या मुलाची आणि आमची तुलना नाही. पण पहिल्या दिवशीच्या हारीनंतर दुसऱ्या दिवशी पटाशी बसावे लागते, ते त्यालाही आणि आम्हांलाही.

येत्या मेळाव्याला व्हरांड्यात पट मांडलेले असतील. माजी विद्यार्थ्यांनी जिंकलेले नव्हे, हरलेले डाव लिहून आणावेत. सातवी-आठवीची मुले तपासायला बसणार आहेत.