पाण्यांत स्थिर राहण्याची विद्या

आम्हां वऱ्हाडकरांस समुद्र दूरचा. अमरावती-अकोल्याकडील आम्ही मुलें विहिरींत पोहावयास शिकतों तीं पाठीला सुका भोपळा बांधून. भोपळा जितकें पाणी बाजूस सारतो, तितक्या पाण्याच्या वजनाएवढा जोर त्यास वर उचलतो. हाच आर्किमिडीजचा नियम होय.

मालवणजवळ तारकर्ली येथें महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळानें पाणबुड्यांचें शिक्षणकेंद्र उभारिलें आहे. पाठीवर हवेची टाकी घेऊन उतरणाऱ्यास प्रथम शिकावें लागतें तें हें, कीं तळास न टेकतां व वर न येतां मध्येंच स्थिर कसें राहावें. त्यासाठीं कमरेस शिसें व अंगांत हवा भरावयाचें जाकीट असतें. गोडें पाणी लिटरला १ किलोग्रॅम भरतें, समुद्राचें सुमारें २५ ग्रॅम अधिक. म्हणून तलावांत साधलेला तोल समुद्रांत बिघडतो व शिसें वाढवावें लागतें. शेवटचा बारीक तोल मात्र श्वासाचाच. छाती भरली कीं देह किंचित् वर येतो, रिती झाली कीं खालीं जातो.

विहिरींत सूर मारतांना आम्ही श्वास रोखतों. तेथें तें चालतें, कारण ती हवा वरचीच असते. टाकीची हवा घेणाऱ्यानें मात्र तसें कदापि करूं नये. १० मीटर खोलीवर दाब दुप्पट असतो. तेथें छातीभर घेतलेली हवा वर येतांना दुप्पट फुगते, आणि कोंडलेला श्वास फुप्फुस फाडूं शकतो. उलट तोल सुटून खालीं गेल्यास पायाखालीं वर्षानुवर्षें वाढलेलें प्रवाळ मोडतें.

सारांश, घाई न करितां संथ श्वास चालू ठेवणें, हाच या विद्येचा पहिला धडा होय.