दहा मिलिमीटरचे भोक कसे पाडाल?

पोलादाच्या एका जाड पट्टीत बरोबर १० मिलिमीटर व्यासाचे भोक हवे आहे. त्यात १० मि.मी. व्यासाची गुळगुळीत पिन बोटाच्या दाबाने आत सरकली पाहिजे आणि आत गेल्यावर डुलता कामा नये. विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही काय कराल? ‘१० मि.मी.चे ड्रिल घ्यायचे आणि भोक पाडायचे, त्यात काय अवघड!’ असेच बहुतेक जण म्हणतील. कार्यशाळेतला अनुभवी फिटर मात्र पेटीतून ९.८ मि.मी.चे ड्रिल काढतो आणि शेजारी एक रीमर ठेवतो. तो असे का करतो ते पाहू या.

आधी ‘बरोबर १० मि.मी.’ म्हणजे किती ते ठरवायला हवे. कोणतेही माप मर्यादेशिवाय सांगता येत नाही, हे तुम्ही प्रयोगशाळेत शिकलाच आहात. अशा भोकासाठी अभियंते नेहमी जी मर्यादा घेतात तिला ‘एच ७’ म्हणतात. १० मि.मी.च्या भोकाला ती १०.००० ते १०.०१५ मि.मी. अशी असते. म्हणजे सूट फक्त १५ मायक्रॉनची. (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) शाळेतल्या नेहमीच्या व्हर्नियरचे लघुतम माप ०.१ मि.मी., म्हणजे १०० मायक्रॉन असते. त्याला हा फरक दिसणारसुद्धा नाही! पण इंजिनाला तो कळतो. पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड यांना जोडणारी पिन ज्या बुशात फिरते, ते बुश थोडे जरी सैल झाले तरी दर फेऱ्याला पिन त्यावर आपटते आणि ठकठक ऐकू येऊ लागते. घट्ट झाले तर तेलाला जागा राहत नाही आणि पिन धरते. म्हणून गॅरेजमध्ये नवे बुश बसवल्यावर त्यात हाताने रीमर फिरवतात.

आता ड्रिलचा दोष काय, ते पाहू. ड्रिलच्या टोकाला दोन धारा असतात. नेहमीच्या ड्रिलमध्ये त्यांच्यातला कोन ११८ अंशांचा असतो. या दोन धारांच्या मध्ये, अगदी केंद्राशी, एक आडवी बोथट कड असते. केंद्राजवळ वेग जवळजवळ शून्य असल्यामुळे ही कड धातू कापत नाही, तो नुसता दाबून बाजूला ढकलते. त्यामुळे सुरुवातीला ड्रिल जागा सोडून भटकते. शिवाय धार लावताना एक कड दुसरीपेक्षा जराशी लांब राहिली की ड्रिलचे टोक मध्यावर राहत नाही आणि भोक मोठे पडते. १० मि.मी.च्या ड्रिलने ०.०५ ते ०.१ मि.मी. मोठे भोक पडणे ही नित्याची गोष्ट आहे. आपल्याला सूट आहे ०.०१५ची!

आणखी एक गंमत आहे. पातळ पत्र्यात मोठे ड्रिल चालवून पाहा. भोक पुष्कळदा गोल न येता तिकोनी येते, कारण दोनच धारा असलेल्या हत्याराला स्थिर टेकू मिळत नाही. जाड धातूतही हा दोष थोडासा शिल्लक राहू शकतो. अशा भोकाचा व्यास आतून मोजला तर तो सर्व बाजूंनी सारखा भरू शकतो! कारण सर्व दिशांना सारखी रुंदी असणारी, पण गोल नसलेली आकृती भूमितीत असते. शिक्षकांनी पुठ्ठ्यातून ती कापून दाखवावी. समभुज त्रिकोणाच्या प्रत्येक शिरोबिंदूवर कंपासचे टोक ठेवून समोरच्या दोन शिरोबिंदूंमधून कंस काढला की ती तयार होते. म्हणून फक्त व्यास मोजून भोक गोल आहे असे म्हणता येत नाही. त्यात गोल पिन घालूनच पाहावी लागते.

रीमरला दोनऐवजी सहा किंवा अधिक दात असतात. कापण्याचे काम त्यांची फक्त पुढची उतरती टोके करतात. मागचा सरळ भाग भोकाला टेकून हत्याराला आधार देतो. पुष्कळ रीमरांमध्ये दातांमधली अंतरे मुद्दाम किंचित असमान ठेवलेली असतात. ती सारखी असती तर ठरावीक वेळाने बसणाऱ्या धक्क्यांनी कंपने वाढत गेली असती आणि भोकात पट्टे उमटले असते. झोका योग्य वेळी ढकलला की वाढत जातो, त्यातलाच हा प्रकार.

पण रीमरसाठी धातू किती शिल्लक ठेवायचा? खरी मेख येथेच आहे. ‘रीमरला त्रास नको’ म्हणून ९.९५ मि.मी.चे ड्रिल वापरले, तर ते स्वतःच १० मि.मी.पेक्षा मोठे भोक पाडून मोकळे होईल. मग रीमर कापणार काय? ड्रिलचे ओरखडे जसेच्या तसे राहतील. उलट ९ मि.मी.वर थांबलात तर रीमरच्या अरुंद खाचा किसाने भरतील. तो कीस भिंतीवर घासून रेघोट्या ओढील आणि रीमर तापेल. म्हणून या मापाच्या भोकात व्यासावर सुमारे ०.२ मि.मी. ठेवतात. त्यासाठी आधी सेंटर पंच, मग ३ मि.मी.चे ड्रिल, म्हणजे ती बोथट कड पुढे रिकाम्या जागेतून जाते. त्यानंतर ९.५ आणि शेवटी ९.८. शेवटच्या ड्रिलला काम थोडेच उरल्यामुळे त्याचे भोकही फारसे फुगत नाही.

यंत्रावर रीमर चालवताना ‘जितके सावकाश तितके सुबक’ हा समज अर्धाच खरा आहे. फेरे कमी हवेत हे खरे. साध्या पोलादात १० मि.मी.चे ड्रिल मिनिटाला ८०० फेऱ्यांनी चालवत असाल, तर रीमरला ३०० पुरेत. पण रीमर खाली सरकवायचा तो ड्रिलपेक्षा जास्त, एका फेऱ्यात सुमारे ०.३ मि.मी. सहा दात असले तर प्रत्येकाच्या वाट्याला ५० मायक्रॉन येतात. पुढची टोके ४५ अंशांत उतरती असल्याने किसाची जाडी सुमारे ३५ मायक्रॉन होते. फार जपून, फेऱ्याला ०.०५ मि.मी.च सरकवले तर ती जेमतेम ६ मायक्रॉन उरेल. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर दाताची धारही काही मायक्रॉनांची गोलाई असलेलीच दिसते. इतका पातळ कीस ती कापू शकत नाही, नुसती घासत राहते. मग धातू चकाकतो, कडक होतो आणि रीमर बोथट होतो.

एक गोष्ट रीमरला मुळीच जमत नाही : वाकडे भोक सरळ करणे. तो आधीच्या भोकाच्या मागोमाग जातो. म्हणून ड्रिल झाल्यावर काम व्हाइसमधून सोडू नये. हाताने रीमर फिरवायचा असेल तर ड्रिलिंग मशीन बंद ठेवून चकमध्ये एक टोकदार दांडा धरावा, त्याचे टोक रीमरच्या डोक्यावरील खळग्यात टेकवावे आणि टॅपच्या हँडलने रीमर फिरवावा. रीमर आपोआप उभा राहतो. बाहेर काढतानाही तो त्याच दिशेने फिरवत काढायचा. उलटा फिरवला तर कीस दात आणि भिंत यांच्यामध्ये अडकतो आणि धारेचे टवके उडतात.

पोलादाला तेल सोडावे, बिडाला नको. बिडातले ग्रॅफाइटच वंगणाचे काम करते. ॲल्युमिनियमला रॉकेल चांगले. ॲल्युमिनियमच्या बाबतीत उष्णतेचा हिशेबही करून पाहा. त्याचा रेषीय प्रसरणांक दर अंशाला सुमारे ०.००००२४ आहे. पट्टी ५० अंशांनी तापलेली असताना १०.०१० मि.मी.चे भोक पाडले, तर थंड झाल्यावर ते १२ मायक्रॉनांनी आकसून ९.९९८ होईल आणि पिन आत जाणार नाही. तेव्हा काम गार होऊ द्यावे, भोक पुसून घ्यावे आणि मग प्लग गेज घालावा. त्याचे १०.००० मि.मी.चे टोक आत गेले पाहिजे आणि १०.०१५ मि.मी.चे बाहेर अडले पाहिजे.