बारीक माणसाची साखर

२००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा एकत्र फोटो छापून आला. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. उंचीच्या मानाने वजन सांगणारा बीएमआय दोघांचाही २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची तब्बल २१.२ टक्के!

‘एवढ्या बारीक माणसाला कसली शुगर?’ हा आपल्याकडचा लाडका समज इथेच कोसळतो; बारीक दिसणाऱ्या अंगातही मधुमेहाला वाट देणारी चरबी दडलेली असू शकते.

याज्ञिकांच्या चमूने १९९३पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या मातांचा आणि बाळांचा अभ्यास केला. बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा पुष्कळ हलकी. पण त्यांच्या त्वचेखालची चरबी त्या मानाने फारशी घटलेली नव्हती. कमी पडले होते ते स्नायू. रक्तातली साखर खर्ची घालण्याचं मोठं काम स्नायूंचंच. त्यात पुढे पोटाभोवती चरबी साठली, की इन्सुलिनचा प्रभाव ओसरतो.

म्हणून वजनकाट्यावर विसंबू नका, टेप घ्या. कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला असेल, तर जोखीम वाढलेली आहे. रक्तातल्या साखरेची एचबीए१सी ही तपासणी ५.७ ते ६.४ टक्के आली, तर मधुमेह उंबरठ्यावर आहे; या टप्प्यावर आहार आणि व्यायामाने तो रोखता किंवा लांबवता येतो. आईवडिलांपैकी कुणाला मधुमेह असेल, तर ही तपासणी याच महिन्यात करून घ्या.