भाद्रपदातील पाहुणे

थंडी पडली की परदेशी पक्षी येतात, असा सर्वसाधारण समज आहे. दिल्ली परिसरात मात्र त्यांचे आगमन श्रावण-भाद्रपदातच सुरू होते. ऑगस्टच्या दमट उकाड्यात यमुनेकाठी ओखला येथे आणि गुरुग्राम जिल्ह्यातील सुलतानपूरच्या तलावाकाठी तुतवार दिसू लागतात. चिखलात चोच खुपसून ते किडे व अळ्या शोधतात. भोरड्यांचे थवेही याच सुमारास येतात.

हे पक्षी इतक्या लवकर का निघतात? उत्तरेकडील प्रदेशांत उन्हाळा अल्पकाळ टिकतो. वीण आटोपताच पक्षी दक्षिणेची वाट धरतात. तुतवारांच्या अनेक जातींत प्रौढ पक्षी आधी निघतात आणि पिल्ले मागाहून येतात. वाट दाखवणारे कोणी नसतानाही त्यांना दिशा कळते, कारण ते ज्ञान उपजत असते.

हा दीर्घ प्रवास सहसा एका दमात होत नाही. वाटेत उतरून, भरपूर खाऊन अंगात चरबी साठवावी लागते. स्कॉटलंडच्या उत्तरेस समुद्रात फेअर आयल नावाचे लहानसे बेट आहे. तेथे असे थकलेले पक्षी उतरतात. त्यांच्या अभ्यासासाठी जॉर्ज वॉटरस्टन यांनी १९४८ साली तेथे पक्षिनिरीक्षण केंद्र स्थापन केले. दिल्लीभोवती समुद्र नाही. परंतु इमारतींच्या गर्दीत उरलेली तळी आकाशातून येणाऱ्या पक्ष्यांसाठी बेटेच होत.

यांपैकी काही जागांना कायद्याचे संरक्षण लाभले आहे. ओखला १९९० साली पक्षी अभयारण्य घोषित झाले. सुलतानपूर राष्ट्रीय उद्यानाला २०२१ साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत स्थान मिळाले. तथापि केवळ नावाने पक्ष्यांचे पोट भरत नाही. तुतवारासारख्या आखूड पायांच्या पक्ष्याला खोल पाण्यात उभे राहता येत नाही आणि कोरड्या, टणक जमिनीत त्याची चोच शिरत नाही. त्याला उथळ पाणी व काठचा ओला चिखल हवा असतो. पावसाचे पाणी पसरून सावकाश ओसरले, तरच असा काठ तयार होतो. तेथे भराव टाकला की पक्ष्यांचे अन्न नाहीसे होते.

म्हणून पावसाळ्यानंतरचा चिखलाने भरलेला काठ ही पडीक जमीन नव्हे. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पाहुण्यांचे ते ताट आहे.