एका रात्रीत 210 वेळा

घोरणारा माणूस गाढ झोपलाय, असं आपण सर्रास समजतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसांबद्दल तर जास्तच. पण ते घोरणं मध्येच बंद पडून मग दचकून श्वास परत येत असेल, तर हिशेब मांडायलाच हवा.

श्वास निदान 10 सेकंद थांबला किंवा फारच मंदावला, की डॉक्टर एक खंड मोजतात. तासाला 5 खंडांपासून स्लीप ॲप्निया धरतात. 30 झाले की तीव्र. तासाला 30 म्हणजे सात तासांच्या झोपेत 210. वर्षाला 76,650. दहा वर्षांत साडेसात लाखांच्या वर. प्रत्येक खंड जेमतेम 10 सेकंदांचाच धरला, तरी रात्रीची 35 मिनिटं आणि वर्षाचे जवळजवळ नऊ अख्खे दिवस घुसमटीत जातात.

आणि हे सोसायचं कुणी? शरीराच्या वजनात 2 टक्के असूनही 20 टक्के ऑक्सिजन वापरणाऱ्या मेंदूने. त्यातल्या सुमारे 86 अब्ज चेतापेशींकडे ऑक्सिजनचा साठा जवळपास नसतोच. आठवणी घडवणारा हिप्पोकॅम्पस तर या उपासमारीला विशेष हळवा.

2011 साली अमेरिकेत क्रिस्टिन याफी आणि सहकाऱ्यांनी 298 वृद्ध स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुरुवातीला एकीलाही डिमेन्शिया नव्हता. सुमारे पाच वर्षांनी, झोपेत श्वास अडखळणाऱ्या 105 जणींपैकी 47 जणींची बुद्धी मंदावली होती किंवा त्यांना डिमेन्शिया झाला होता. उरलेल्या 193 मध्ये 60 जणींचं तसं झालं. म्हणजे 45 टक्के विरुद्ध 31. धोक्याचा संबंध झोपमोडीपेक्षा ऑक्सिजनच्या तुटवड्याशी दिसला. एवढ्याने कार्यकारण सिद्ध होत नाही, हे खरं. पण ‘आता या वयात कसली तपासणी’ म्हणणाऱ्यांना मी या स्त्रियांचं सरासरी वय सांगेन: 82.

जगात 30 ते 69 वयाच्या 93 कोटींहून अधिक लोकांना स्लीप ॲप्निया असावा, असा 2019 चा अंदाज आहे. सत्तरीपुढचे, म्हणजे ज्यांची काळजी सर्वाधिक, ते या आकड्यात धरलेलेच नाहीत! भारतात साठीपुढचे 88 लाख लोक डिमेन्शियासह जगतात. त्यांच्यापैकी कितीजणांचं रात्रीचं घोरणं कुणी मोजलं असेल?

1981 साली सिडनीत कॉलिन सलिव्हन यांनी नाकावाटे हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवता येतो, हे पाच रुग्णांवर दाखवलं. सीपॅप नावाच्या त्या उपायाने डिमेन्शिया टळतो, हे अजून पक्कं ठरलेलं नाही. पण मास्क नीट बसला, तर तासाला 30 चा आकडा अनेकदा 5 च्या खाली येतो, तोही पहिल्याच काही रात्रींत.