तो खॅक् नक्की कुणासाठी?

रायपूरहून साधारण १०० किलोमीटरवर बारनवापारा अभयारण्य आहे. बार आणि नवापारा या दोन वनग्रामांची नावं जोडून हे नाव झालं. उन्हाळ्यातल्या सकाळी तिथे गेलात तर एखाद्या झाडाखाली थांबा. वर काळ्या तोंडाची वानरं जेवत असतात आणि बरोबर खाली चितळं. वानरांचं जेवण भारी उधळं! एक घास पोटात, दोन जमिनीवर. गवत वाळून काडी झालेल्या दिवसांत चितळांना वरून कोवळा पाला आयता मिळतो.

एवढ्यात वरून आवाज येतो, ‘खॅक्!’

मराठीत थोराड वानराला आपण हुप्प्या म्हणतो, ते त्याच्या ‘हुप्प’वरून. ती शेजारच्या टोळीला दिलेली समज असते: इथे आम्ही आहोत. हा आवाज निराळाच. कोरडा, जुना खोकला जडलेल्या आजोबांचा असावा तसा. म्हणजे बिबट्या दिसला! खाली चितळांच्या माना ताठ होतात, शेपट्या वर जातात, एखादी मादी पुढचा खूर आपटते. त्यांना स्वतःला अजून काहीच दिसलेलं नाही. भाषा दुसऱ्याची, भरवसा मात्र पुरता!

शेजारच्या मध्य प्रदेशात, कान्हाच्या जंगलात पॉल न्यूटन यांनी ही जोडी बारकाईने अभ्यासली. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसलं, की सलगी करायला येतं ते बहुतेकदा चितळच. इशारे मात्र दोघंही एकमेकांचे ऐकतात. फांदीवरचे डोळे आणि जमिनीवरचं नाक, असा हा भागीदारीचा धंदा.

पण एक गोष्ट खटकते ना? फांदीवर बसून ओरडायचं म्हणजे ‘मी इथे आहे’ हे बिबट्यालाच सांगायचं. हा कसला शहाणपणा?

याचं उत्तर आफ्रिकेत, आयव्हरी कोस्टच्या ताई जंगलात सापडलं. तिथल्या बिबट्यांना रेडिओ कॉलर घालून संशोधक माग काढत होते. डायना माकडांनी ओरडा केला की दबा धरलेला बिबट्या लपण सोडून चालता व्हायचा! त्याची सगळी मदार बेसावध सावजावर. चोरी उघडी पडल्यावर थांबून करणार काय? म्हणजे ती हाक चोरालाही होती: ‘बाबा रे, दिसलास!’

आणि चिंपांझी आले की? हीच बडबडी माकडं चिडीचूप. चिंपांझी झाडावर चढून पाठलाग करतो. त्याला पत्ता कोण देईल? कुणापुढे ओरडायचं आणि कुणापुढे गप्प बसायचं, हे त्यांना पक्कं ठाऊक.

बारनवापाऱ्यात त्या खॅक्‌ला आणखी एक श्रोता असतो, तुमचा जिप्सीवाला. तो इंजिन बंद करतो आणि बिबट्या शोधत बसत नाही. आधी वानराकडे बघतो, मग वानराचं तोंड जिकडे आहे तिकडच्या झुडपाकडे.